मी तज्ज्ञ नाही, हे पत्राच्या वरच लिहावे

गेल्या आठवड्यात आमच्या गच्चीबाग मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारले, "ताई, मलाही तुमच्यासारखे ईमेलने पत्र सुरू करायचे आहे. कुंड्या, बियाणे, अवजारे यांच्या ॲफिलिएट लिंक देऊन चार पैसे मिळाले तर हवेच आहेत. पण मी काही कृषी पदवीधर नाही. मग कोणत्या तोंडाने लोकांना 'हे घ्या' म्हणून सांगू?" फोनवर मी तिला काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच अपुरे वाटले. हाच प्रश्न स्वयंपाकघरातल्या उपकरणांविषयी, पुस्तकांविषयी, शिवणयंत्रांविषयी लिहू पाहणाऱ्या अनेकांना पडत असणार, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. शिक्षण वाणिज्य शाखेचे. मातीविषयी जे थोडेफार कळते ते वडिलांच्या शेतात आणि आता गच्चीवरच्या बावीस कुंड्यांत शिकलेले. चार वर्षांपासून दर रविवारी सकाळी मी गच्चीवरच्या बागेविषयी एक पत्र पाठवते आणि ते साधारण सातशे वाचकांकडे जाते. पत्रातल्या बहुतेक लिंक ॲफिलिएट असतात, म्हणजे वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली तर विक्रेता मला कमिशन देतो आणि त्यापायी वाचकाला जास्त किंमत मोजावी लागत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की शिफारस करायला तज्ज्ञ असावे लागत नाही. आपण हे कशाच्या आधारावर सांगतो आहोत, ते मात्र वाचकाला प्रत्येक वाक्यात दिसले पाहिजे. हे मत मला आयते सुचलेले नाही. ते एका चुकीतून आले, आणि त्या चुकीची किंमत माझ्याऐवजी एका वाचकाने मोजली.

दुसऱ्या वर्षी मी पत्रात कोकोपीटच्या, म्हणजे कुंडीत मातीऐवजी किंवा मातीत मिसळून वापरतात त्या नारळाच्या भुशाच्या, एका विटेची शिफारस केली होती. साडेसहाशे ग्रॅमची वीट मी बादलीत भिजवली, ती फुगून बादली भरत आली, हाताला भुसभुशीत लागली, आणि त्याच संध्याकाळी मी लिहून टाकले, "धुतलेले, क्षारमुक्त आणि रोपांसाठी उत्तम असे कोकोपीट." हे वाक्य माझे नव्हतेच. वेष्टनावरच्या इंग्रजी ओळीचे मी मराठी केले होते, एवढेच. दोन-तीन आठवड्यांनी सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचे उत्तर आले. त्यांनी त्या कोकोपीटमध्ये मेथी पेरली होती आणि टोमॅटोची रोपे लावली होती. सोबतच्या छायाचित्रात पानांच्या कडा करपलेल्या दिसत होत्या, आणि पिशवीच्या काठाला, जिथे पाणी सुकते तिथे, मिठासारखी पांढरी पुटे धरली होती. खाली एकच प्रश्न होता: "ताई, तुम्ही स्वतः हे किती दिवस वापरले होते?"

मी ते एक दिवसही वापरले नव्हते.

नंतर मी जे शिकले ते आधी शिकायला हवे होते. कोकोपीट नारळाच्या सोडणातून निघते. सोडणात मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर ते आणखी वाढतात. नीट धुतले नसेल तर हेच क्षार कोवळ्या मुळांना बाधतात. मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विकत घेतला आणि उरलेल्या विटेवर तपासणी केली. आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा २०० च्या आतला. त्याच पाण्यात कोकोपीट भिजवून पिळले तेव्हा चहासारखे तपकिरी पाणी निघाले आणि आकडा १,८०० च्या वर गेला. तिसऱ्या धुण्यानंतर तो ४०० च्या खाली आला. म्हणजे वस्तू टाकाऊ नव्हती, पण "धुऊन वापरा" हे सांगायला हवे होते, आणि ते सांगायला लागणारी माहिती माझ्याकडे नव्हती, कारण मी ती मिळवलीच नव्हती. त्या शिक्षकांची मी क्षमा मागितली आणि पुढच्या रविवारच्या पत्रात सगळ्यात वर हा सारा प्रकार आकड्यांसह छापला.

या प्रसंगानंतर मी माझी जुनी पत्रे काढून वाचली, तेव्हा गडबड वाक्यांतच आहे हे लक्षात आले. मराठीत "म्हणे" हा दोन अक्षरांचा फार मोलाचा शब्द आहे. माझी आजी सांगायची, "कच्चं शेणखत घातलं की म्हणे हुमणी लागते." (हुमणी म्हणजे मुळे खाणारी अळी.) त्या एका "म्हणे"ने ती सांगून टाकायची की हे मी ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. ऐकलेली गोष्ट खरी असू शकते (ही तर खरीच आहे), पण तिचे वजन किती धरायचे ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. स्वतः पाहिलेल्या गोष्टीला आजी कधी "म्हणे" लावत नसे. तिथे "मी या डोळ्यांनी पाहिलंय" असे यायचे. बोलताना आपण सगळेच हा भेद सहज पाळतो. लिहायला बसलो, विशेषतः काही विकायला बसलो, की "म्हणे" गळून पडतो आणि त्याच्या जागी "मानले जाते", "सिद्ध झाले आहे", "सर्वोत्तम ठरते" अशी वाक्ये येतात. कोणी मानले, कुठे सिद्ध झाले, कोणाच्या बागेत सर्वोत्तम ठरले, हे त्या वाक्यांत कुठेच नसते. वाचकाला मात्र ती तज्ज्ञाच्या तोंडची वाटतात.

म्हणून आता मी प्रत्येक वस्तूविषयी लिहिताना तीन प्रकारची वाक्ये वेगळी ठेवते. जे पाहिले ते तारखेसह: "ही छाटणी कात्री मी जूनपासून वापरते आहे, पावसाळ्यात स्प्रिंगला गंज आला, पाते अजून चांगले आहे." जे ऐकले किंवा वाचले ते कोणाकडून, यासह: "आमच्या रोपवाटिकावाल्यांचे म्हणणे असे की जाड फांदीला ही चालणार नाही, मी जाड फांदी कापून पाहिलेली नाही." आणि जे कंपनीचे आहे ते कंपनीच्या नावावर: "पाच वर्षे टिकते हा कंपनीचा दावा आहे." माझ्या मैत्रिणीने पत्र सुरू करताना दुसरे काही नाही केले आणि फक्त हा भेद पाळला, तरी तिला कृषी पदवीची उणीव भासणार नाही. बाल्कनीत सकाळचे दोनच तास ऊन येणारी बाई तशाच बाल्कनीतल्या दुसऱ्या बाईला जे सांगू शकते, ते चहूबाजूंनी उघड्या प्रयोगाच्या शेतावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला सांगता येईलच असे नाही.

कायदाही जवळपास हेच म्हणतो, आणि हे वाचून मला दिलासा मिळाला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शिफारस ही त्या व्यक्तीचे खरे आणि सध्याचे मत असावी, आणि ती पुरेशी माहिती किंवा प्रत्यक्ष अनुभव यांवर आधारलेली असावी, असे म्हटले आहे. शिफारस करणारा तज्ज्ञच हवा, असे नाही. पण एक दिवसही न वापरलेल्या कोकोपीटला "उत्तम" म्हणणारी माझी ओळ या कसोटीवर उतरली नसती. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या तारे-तारकांसाठी असलेले हे नियम सातशे वाचकांच्या पत्राला कोण लावणार, असे कोणी म्हणेल. मला तो विचार पटत नाही. फसवणूक सातशे जणांची असली म्हणून ती लहान होत नाही, कारण प्रत्येक वाचकाचे पैसे त्याचे त्याला पूर्णच जातात.

आता पैशांविषयी. ज्या विक्रेत्याकडून कमिशन मिळते, त्याच्याशी असलेला आपला संबंध उघड करणे या तत्त्वांनुसार बंधनकारक आहे, आणि भारतीय जाहिरात मानक परिषदेने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरसाठी) तर तो नियम २०२१ मध्येच केला होता. तरीही कितीतरी मराठी पत्रांत हा खुलासा अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत असतो. सगळे पत्र मराठीत आणि एवढी एकच ओळ इंग्रजीत कशासाठी? हे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे आहे. लिंक द्यायची तर वाचकाने तिच्यावर बोट ठेवण्याआधी, त्याच्याच भाषेत, सरळ सांगावे: "या लिंकवरून तुम्ही घेतलेत तर मला साधारण इतके टक्के मिळतात."

माझे वडील टोमॅटो आणि भाजीपाला घेऊन बाजार समितीत जायचे. संध्याकाळी परतल्यावर ते खिशातून अडत्याने, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाने, दिलेली हिशेबाची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवायचे आणि मी बेरीज-वजाबाकी तपासायची. पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरे. वजन, भाव, आणि त्याखाली एकेक वजावट: अडत (म्हणजे अडत्याचे कमिशन), हमाली, तोलाई, गाडीभाडे. अडत जास्त घेतली म्हणून वडील चिडायचे, भांडायचेही, पण अडत किती हा आकडा त्यांच्या हातात असायचा. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हाही तो वाद होऊ शकला तो अडत कागदावर दिसत होती म्हणूनच. मध्यस्थाने मोबदला घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. तो मोबदला पट्टीवर नसणे गैर आहे.

याच विचाराने मी दर एप्रिलमध्ये पत्रात वर्षाचा हिशेब देते. गेल्या आर्थिक वर्षात ॲफिलिएट लिंकमधून मला ११,३४० रुपये मिळाले, आणि पत्र पाठवण्याच्या सेवेला त्यातले साडेचार हजार लागले. हिशेबात मी आणखी एक गोष्ट सांगते, जी बहुतेक वाचकांना ठाऊक नसते: लिंक उघडल्यावर काही योजनांत २४ तास, काहींत ३० दिवस वाचकाने त्या दुकानातून केलेली इतर खरेदीही आपल्या खात्यावर मोजली जाते. कुंडी पाहायला गेलेल्या कोणी त्याच दिवशी कुकर घेतला तर त्याचेही कमिशन मला येते. कुकरची शिफारस मी केलेली नसते, म्हणून ती रक्कम मी वेगळी दाखवते.

प्रामाणिकपणाने विक्री वाढते, असे मी मैत्रिणीला सांगितलेले नाही, कारण माझ्या बाबतीत तसे झाले नाही. खुलासा तळातून उचलून वर आणल्यावर लिंक उघडणारे वाचक कमी झाले आणि दीड वर्षानंतरही ते पूर्वीइतके झालेले नाहीत. ती घट मी मान्य केली आहे. जे वाचक कमिशनचे कळल्यावर थांबले, त्यांना ते आधी कळायलाच हवे होते.

तज्ज्ञ नसलेल्या माणसाने जिथे हातच घालू नये, अशाही जागा आहेत. मी कीटकनाशकांची लिंक कधीच देत नाही, कमिशन कितीही असो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आयुष्यभर शेती केलेली ती माणसे होती. मात्रा किती, मिश्रण कशाचे, तोंडाला काय बांधायचे, हे गच्चीवरच्या बावीस कुंड्यांच्या भरवशावर मी लिहिणार नाही. तिथे मी वाचकाला जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा रस्ता दाखवते. औषधे आणि गुंतवणूक यांविषयीही माझे मत इतकेच कडक आहे. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आणि आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी अशी सूचना केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेली आहे. कमिशन सगळ्यात जास्त याच क्षेत्रांत दिसते, म्हणून सांगून ठेवते.

"फक्त आज रात्री बारापर्यंत" हे वाक्यही मी वापरत नाही, अपवाद फक्त सवलत खरोखरच बाराला संपत असेल तेव्हाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीचे (डार्क पॅटर्नचे) जे तेरा प्रकार ठरवून दिले, त्यांत खोटी घाई आणि जाहिरात असल्याचे लपवणे हे दोन्ही आहेत.

शेवटी एक अडचण सांगते, जी मला अजून पुरती सोडवता आलेली नाही. माझ्या यादीत नवीन वाचक आला की त्याला पहिल्या पंधरवड्यात सहा पत्रे आपोआप जातात. ती मी तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. त्यांतल्या एकात "मी सध्या पाणी घालायला हा झारा वापरते आहे" असे वाक्य आहे, आणि तो झारा तर मागच्या उन्हाळ्यात फुटला. लिहिले तेव्हा ते वाक्य खरे होते. झारा फुटल्यापासून मात्र ते दर आठवड्याला कोणा ना कोणाला माझ्या नावाने खोटे सांगत आले. सहापैकी दोन पत्रे मी दुरुस्त केली आहेत आणि त्यांच्या वर दुरुस्तीची तारीख टाकली आहे. उरलेली चार या शनिवार-रविवारी घेऊन बसणार आहे, आणि ती नीट होईपर्यंत नवीन वाचकांना जाणारी ही मालिका मी कालपासून बंद ठेवली आहे.