२८ वर्षांचा रूकी (लीगमध्ये नवखा खेळाडू) बुडता संघ तारत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा भाच्याने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. तो क्लीव्हलंडला शिकतो आणि तिकडे गेल्यापासून त्याला ब्राउन्सचं, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, वेड लागलंय. फॉरवर्डचं म्हणणं असं: एनएफएलमधल्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या, सतत हरणाऱ्या संघाने ड्राफ्टमध्ये (कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघ फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात तो) वयाने मोठा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) उचलावा. तो समंजस असतो, चुका कमी करतो, पहिल्या दिवसापासून तयार असतो, आणि क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळतात म्हटल्यावर वयाचं काय एवढं! खाली भाच्याची ओळ: "मामा, ब्राउन्सनी हेच करायला हवं."

अरे बाबा, ब्राउन्सनी हेच केलंय. २०१२ साली. मी तेव्हा ओहायोतच नोकरीला होतो आणि ते दोन्ही सीझन पाहिलेत, म्हणून हा फॉरवर्ड वाचून गप्प बसवत नाही.

ब्रँडन वीडन. २००२ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने बेसबॉलसाठी घेतलेला पिचर (चेंडू फेकणारा). तिथे काही जमलं नाही, मग ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात जाऊन फुटबॉल. २०११ चा सीझन खरोखर झकास होता: १२ विजय, १ हार, त्यातच फिएस्टा बोल या कॉलेजांच्या मोठ्या सामन्यात क्वार्टरबॅक अँड्र्यू लकच्या स्टॅनफर्डला हरवलं. ब्राउन्सनी त्याला पहिल्या फेरीत २२ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पहिल्या फेरीत इतक्या वयाचा खेळाडू त्याआधी कुणीच घेतला नव्हता.

आता "समंजस असतो, चुका कमी करतो" हा मुद्दा. प्रो फुटबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या साइटवर वीडनचं पान उघडा, तेवढं एक पान पुरे आहे. पहिलाच सामना, ९ सप्टेंबर २०१२, घरच्या मैदानावर, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध: ३५ पैकी १२ पास पूर्ण, ११८ यार्ड, ४ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने मध्येच पकडलेले पास). ब्राउन्सच्या डिफेन्सने त्या दिवशी जिवाचं रान केलं होतं, डीक्वेल जॅक्सनने तर इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत (गोलरेषेपार, गुण मिळेपर्यंत) पळवत नेलं. तरी सामना १७-१६ असा गेला. सामन्याआधी वीडन मैदानावर पसरलेल्या भल्यामोठ्या झेंड्याखाली सापडला होता, त्या व्हिडिओवर लोक अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मला लागले ते चार इंटरसेप्शन. पूर्ण सीझनमध्ये त्याचे टचडाउन १४ आणि इंटरसेप्शन १७.

बरं, पहिलं वर्ष सोडून द्या. १३ ऑक्टोबर २०१३, डेट्रॉइट लायन्स. चौथा क्वार्टर, ब्राउन्स २४-१७ ने मागे, सामना अजून हातात. बचावपटू अंगावर आले आणि वीडनने चेंडू उलट्या हाताने, खालूनच, हवेत भिरकावला. तो आयता डिआंड्रे लेव्हीच्या हातात. तिथे सामना संपला. दुसऱ्या दिवशी वीडनला तीस पूर्ण झाली. वयाने चुका टळत असत्या तर ही टळली असती.

कारण उघड आहे. एनएफएलचा डिफेन्स वाचायची सवय त्या डिफेन्ससमोर उभं राहूनच लागते. बेसबॉलमध्ये घालवलेल्या वर्षांनी वीडनचं वय वाढलं, ही सवय नाही.

"चाळिशीपर्यंत खेळतात" हा तर सगळ्यात बिनबुडाचा युक्तिवाद. टॉम ब्रेडी ४५ व्या वर्षापर्यंत खेळला, पण तो या लीगमध्ये २००० सालापासून होता. ॲरन रॉजर्सचं बघा. वीडन त्याच्यापेक्षा दीड महिन्याने मोठा. वीडन ड्राफ्ट झाला त्या दिवशी रॉजर्सच्या नावावर सुपर बोल (लीगचं विजेतेपद) आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) दोन्ही जमा होते. त्याच रॉजर्सला त्याच्या संघाने, पॅकर्सनी, आधी तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हच्या मागे बसवून शिकू दिलं होतं. वीडनला तीन वर्षं बसवलं असतं तर तो ३१ चा झाला असता. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, फार तर पाच. म्हणजे शिकायलाही वेळ नाही आणि संघ बांधायलाही नाही. आणि पडझड झालेल्या संघाला नेमका वेळच तर हवा असतो! वीडन आला त्याच वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, ब्राउन्सचा मालक बदलला, सीझन संपताच जनरल मॅनेजर आणि कोच दोघंही गेले. नव्या लोकांना जुन्यांच्या तिशीतल्या क्वार्टरबॅकसाठी थांबायचं काय कारण? २०१४ च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. सगळं खापर त्याच्या माथी फुटलं, ज्यांनी त्याला त्या जागी आणून उभं केलं ते तोवर निघूनही गेले होते. याचा मला अजून राग येतो.

फॉरवर्डमध्ये उदाहरणंही अर्धवट दिली आहेत. रॉजर स्टॉबाक नौदलातली सेवा संपवून २७ व्या वर्षी डॅलस काउबॉइज संघाकडे आला, खरंय. पण तो संघ आधीपासून जिंकत होता आणि त्याला आधी क्रेग मॉर्टनच्या मागे थांबावं लागलं. कर्ट वॉर्नर तर ड्राफ्टमधून आलाच नव्हता. ख्रिस वाइंकी मात्र फॉरवर्डमध्ये सोयीस्कर गायब आहे: २००१, पँथर्स संघ, २९ वर्षांचा रूकी, संघाने पहिला सामना जिंकला आणि पुढचे सगळे १५ हरले.

जेडन डॅनियल्स आणि बो निक्स यांचं मान्य करावं लागेल. कॉलेजात पाच-पाच वर्षं खेळून आले आणि २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी दोघांनी आपापले संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेले. कॉलेजात जास्त सामने खेळल्याचा फायदा होतो, एवढं त्यातून निघतं. पण ते २३-२४ चे होते, २८ चे नव्हते. आणि वॉशिंग्टनने डॅनियल्ससोबत नवा कोच, नवा जनरल मॅनेजर आणि बॉबी वॅगनर, झॅक अर्ट्झसारखे मुरलेले खेळाडू आणले होते, ते फॉरवर्डवाला सांगत नाही.

भाचा म्हणेल, मग काय पोरसवदा घ्यायचा? २०१४ मध्ये ब्राउन्सनी तेही केलं. त्याच २२ व्या क्रमांकावर २१ वर्षांचा जॉनी मँझेल घेतला आणि दोन वर्षांत त्यालाही सोडून दिलं. तोवर वीडनला घेतलं तेव्हाच्या कोचपासून मोजलं तर तिसरा कोच घरी गेला होता. भाच्याला वाद घालायचाच असेल तर त्याने या कोचांच्या यादीवर घालावा.