मीटर रूममधलं झाड

आमच्या सोसायटीच्या लॉबीतलं नाताळचं झाड कमिटीतल्या बाळ्याने मीटर रूममध्ये का हलवलं, हे आता वसईगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती कथा परत लावत नाही. सेक्रेटरीने ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं आणि विषय नेहमीप्रमाणे संध्याकाळी कट्ट्यावर आला.

बाळ्या छाती काढूनच आला. हातात मोबाइल आणि स्क्रीनवर तर्जनी. त्याचं सगळं वाचन या तर्जनीवर चालतं.

"माझा झाडाला विरोध नाही," बसायच्या आधीच त्याने सुरुवात केली. "पण लॉबीत धर्मप्रचार नको. आज झाड आलं, उद्या..."

"उद्या केक," पक्या म्हणाला. "मला चालेल."

"चेष्टा नकोय. दोन हजार वर्षांची ख्रिस्ती खूण आहे ती."

डॉम्या चहात खारी बुडवून बसला होता. "कुणाची खूण? अरे, व्हॅटिकनच्या चौकात पहिलं झाड लागलं 1982 साली. पोलंडहून आलेल्या पोपनी लावलं. तू चौथीत होतास तेव्हा. म्हणजे आमची ही प्राचीन परंपरा तुझ्या मुंजीच्या आसपासची."

"काहीही!"

"काहीही नाही. ते जर्मनांचं, त्यातही प्रॉटेस्टंटांचं. कॅथलिक लोक कित्येक वर्षं त्याच्याकडे नाक मुरडून बघत होते. आमचा तो येशूजन्माचा गोठा. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडला, खरा बैल आणि खरं गाढव आणून. माझ्या आज्याच्या घरात झाड कधी आलंच नाही. पेंढा यायचा, आणि आठ दिवस आधी पेरलेल्या नाचणीचं गवत गोठ्याभोवती लावायचं. त्या गवतावर बाहेरचं धार्मिक आक्रमण काय ते आमच्या शेळीने केलं."

यावर बाळ्या गप्प बसेल असं वाटलं असेल तर तुम्ही बाळ्याला ओळखत नाही. तो हरत नाही, बाजू बदलतो. दोन मिनिटं तर्जनी चालली आणि त्याचा चेहरा उजळला.

"सापडलं! म्हणजे मुळात ते ख्रिस्ती नाहीच. जर्मन टोळ्या वृक्षपूजा करायच्या. वृक्षपूजा कुणाची? आपली! जर्मन म्हणजे आर्य..."

"म्हणजे मीटर रूममध्ये तू आपलंच दैवत कोंडलंयस?" डॉम्याने विचारलं.

पाटील सर एवढा वेळ पेपर वाचायचं नाटक करत होते. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण निवृत्तीनंतर इतिहासाचा नाद लागला. "पुरावा सांग," ते म्हणाले. "बोनिफेस या धर्मप्रचारकाची गोष्ट वाचलीस ना? साधारण 723 साली जर्मनीतल्या हेसमध्ये त्याने थॉर नावाच्या देवाचा ओक तोडला. तोडला, बाळा, पुजला नाही. त्याचं चरित्र लिहिणारा सांगतो की त्या लाकडातून त्याने प्रार्थनागृह बांधलं. ओकच्या जागी फरचं रोप उगवलं वगैरे शेपूट लोकांनी पुष्कळ उशिरा जोडलं. तीच गत प्रॉटेस्टंट पंथ काढणाऱ्या मार्टिन ल्यूथरची. म्हणे चांदण्या पाहून त्याने झाडाला मेणबत्त्या लावल्या. त्याच्या काळातल्या एकाही कागदावर हे नाही."

"मग आलं कुठून?" पक्याने विचारलं. त्याला केकचा विषय परत कधी निघतो याची घाई होती.

"नाटकातून. 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस. त्यांचं नाटक करायचं तर सफरचंदाचं झाड हवं. जर्मनीत डिसेंबरात सफरचंदाला पान तरी असतं का? मग हिरवं राहणारं फर आणायचं आणि त्याला सफरचंदं बांधायची. पुढे तेच घरात आलं असावं, असं जाणकार धरतात. 1605 साली स्ट्रासबुर्गच्या एका माणसाने लिहून ठेवलंय, लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना कागदी गुलाब, सफरचंदं, चर्चच्या मिस्सेत देतात तशा पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखर लटकवतात. काचेचे गोळे फार नंतरचे, जर्मनीतल्या लाऊशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांचे."

"त्याच्याही आधीचं सांगा की, सर," डॉम्या म्हणाला. "चोरीचं."

सर हसले. "सेलेस्टा. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सासमधलं गाव. 1521 सालच्या जमाखर्चात नोंद आहे, जंगलातली झाडं राखायला रखवालदारांना 4 शिलिंग दिले. 21 डिसेंबरपासून पहारा."

"म्हणजे लोक पळवत होते! इतका जुना कागद बघायला जावं तर तो बंदोबस्ताच्या खर्चाचा." डॉम्या बाळ्याकडे वळला. "यावरून काही आठवतंय?"

बाळ्याला आठवत होतं, ते त्याच्या कानांवरून दिसलं. सातवीत असताना हे दोघं सुरूच्या बागेत फांदी तोडायला गेले होते. कल्पना बाळ्याची. त्याला शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात स्टेज सजवून बाईंकडून शाबासकी हवी होती. रखवालदाराने शिट्टी मारली तसा बाळ्या चप्पल टाकून पळाला. डॉम्या फांदीसकट सापडला, दोन खाल्ल्या, आणि घरी गेल्यावर वडिलांकडून आणखी दोन.

"मी मदत आणायला पळालो होतो," बाळ्या म्हणाला.

"अजून आली नाही."

त्या संध्याकाळीही डॉम्याच्या स्कूटरला मागे सुरूची फांदी बांधलेली होती. स्वतःच्या वाडीच्या कुंपणातली, हे त्याने न विचारता दोनदा सांगितलं. सरांनी तिची एक काडी घेतली आणि दोन चिमटीत धरून ओढली. पेरात टक्कन सुटली. "हे बघा. पान वाटतं ते पान नाहीच, ही हिरवी डहाळी आहे. पानं ही, पेराभोवती बारीक दातांसारखी. हा पाइनचा भाऊ ना फरचा. फुलं येणारं झाड आहे, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं. आणि नर्सरीत कुंडीत मिळतं ते ख्रिसमस ट्री पॅसिफिकमधल्या बेटांवरचं."

"आणि लॉबीतलं?" मी विचारलं.

"लॉबीतलं प्लास्टिकचं. चीनच्या यीवू शहरातलं असणार. जगातली निम्मी सजावट तिथूनच निघते बहुतेक."

"चिनी!" बाळ्या ओरडला. त्याला तिसरी बाजू मिळाली होती. "बघा! चिनी माल आणि वर इंग्रजांची गुलामी!"

"इंग्रजांचंही नाही ते," डॉम्या थकून म्हणाला. "राणीच्या सासरचं आहे. 1848 साली राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन नवरा अल्बर्ट आणि पोरं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र लंडनच्या पेपरात आलं, तेव्हा कुठे ते घरोघर गेलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मासिकाने तेच चित्र छापलं. राणीचा मुकुट खोडला आणि अल्बर्टच्या मिशा उडवल्या, म्हणजे साधं अमेरिकन घर दिसावं."

"मिशा उडवल्या की बाळ्याही अमेरिकन दिसेल," पक्या म्हणाला. "पोट आहेच."

"आणि तुझ्यासारखे रशियात होऊन गेले," डॉम्या थांबायला तयार नव्हता. "क्रांतीनंतर झाड म्हणजे धर्माचं थोतांड म्हणून बंद केलं. 1935 साली परत आणलं, नववर्षाचं झाड म्हणून. अजून लावतात. तुझ्या कमिटीची बैठक आणि त्यांची पॉलिटब्यूरो, मला तरी फरक दिसत नाही."

बाळ्याला आयुष्यात बरंच काही म्हटलं गेलंय, पण कम्युनिस्ट पहिल्यांदाच. तो उभा राहिला. "ठीक आहे! 25 तारखेला लॉबीत तुळस ठेवू. तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते!"

"रात्री नाही देत," सर म्हणाले. "उजेड नाही तर प्रकाशसंश्लेषण नाही. रात्री ती तुझ्यासारखीच श्वास घेते. तुळशीला मान द्यायला कार्तिक पुरतो, तिला डिसेंबरात कुणाशी कुस्ती खेळायला कशाला उतरवतोस?"

"सर, अकरावीत मला बायोलॉजीत नापास केलंत, अजून तुमचं मन भरलं नाही."

"मी केलं नाही. तू झालास."

आता बाळ्याकडे एकच हत्यार उरलं होतं आणि वसईत ते निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. "मग चिमाजी अप्पांनी वसई घेतली कशाला?"

कट्टा जरा सावरून बसला. डॉम्याने मात्र कप खाली ठेवला नाही.

"घेतली ना, 1739 ला. बरं केलं, पोर्तुगीज काही आमच्यावर माया करत नव्हते. मराठ्यांनी जाताना चर्चच्या घंटा नेल्या. त्यांचं काय केलं? वितळवल्या? मीटर रूममध्ये ठेवल्या? नाही, देवळात टांगल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. पावणेतीनशे वर्षं महादेवासमोर आमची घंटा आहे आणि महादेवाने कधी ग्रुपवर तक्रार टाकली नाही."

पक्याने टाळी दिली. सरांनीही दिली, पेपर खाली ठेवून. बाळ्या बोलला नाही, पण त्याचा मोबाइल हळूच खिशाकडे निघाला, आणि तिथेच तो फसला.

"थांब," पक्या म्हणाला. "तुझा डीपी मेणवलीचाच आहे ना? दिवाळीत गेला होतास. घंटेखाली हात जोडून."

"तो वेगळा..."

"दाखव."

मोबाइल हिसकावला गेला. खरंच बाळ्या, कपाळाला गंध, मागे ती अवजड घंटा.

"झूम कर," डॉम्या म्हणाला. "त्या घंटेवर बाळाला घेतलेली मारिया आहे. तिच्यासमोरच हात जोडलेत याने."

चार डोकी मोबाइलवर वाकली. पक्याने दोन बोटांनी चित्र ताणलं, आणखी ताणलं.

"मारिया दिसत नाही रे," तो म्हणाला. "बरोबर मधे बाळ्याचं टक्कल आलंय. आणि त्यावर फ्लॅश पडलाय."

"मग प्रश्न मिटला," डॉम्या म्हणाला. "झाड बाहेर काढा. शेंड्याला चांदणी आणायचा खर्च वाचला."

सरांना हसताना ठसका लागला. पाणी आणायला बाळ्याच धावला, आणि परत आल्यावर, सर सावरल्याची खात्री करून, डॉम्याला म्हणाला, "ते जाऊ दे. हिने वहिनींकडे दोन किलो केक सांगितलाय. 23 ला मिळेल ना? अंड्याचाच सांगितलाय, पण आईला बोलू नका."

"मिळेल," डॉम्या म्हणाला. "न्यायला मीटर रूमकडून ये."