‘नेहरूंची बहीण म्हणून सगळं मिळालं’: विजयालक्ष्मी पंडितांवरच्या मेसेजला उत्तर

विजयालक्ष्मी पंडितांबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई भावाच्या जिवावर मंत्री झाली, राजदूत झाली. संयुक्त राष्ट्रसंघाचं अध्यक्षपद नेहरूंनी बहिणीला मिळवून दिलं. मॉस्कोत तिने काहीच केलं नाही. आणि जन्मभर घराण्याची री ओढली. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. माझी भाची परराष्ट्र सेवेची स्वप्नं बघत परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिने विचारलं, “मावशी, हे खरं आहे का गं?” दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे लिहिते आहे.

शाळेचं खरं आहे. त्या शाळेत गेल्याच नाहीत. १९००मध्ये अलाहाबादेत जन्मलेल्या स्वरूपकुमारी नेहरूंचं (हे त्यांचं माहेरचं नाव) शिक्षण आनंद भवनात, घरी शिकवायला येणाऱ्यांकडूनच झालं. मोतीलालांच्या घरात मुलाला हॅरो आणि केंब्रिज, मुलींना घरची शिकवणी. हा त्या काळातल्या मुलींवरचा अन्याय आहे. तो त्या मुलीच्याच नावावर दोष म्हणून मांडणं मला पटत नाही.

मंत्रिपदाचं बघू. १९३७च्या निवडणुकीत त्या संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) विधिमंडळावर निवडून आल्या आणि स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. हिंदुस्थानात मंत्रिपदावर बसलेली ही पहिली स्त्री. नेहरू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि मोतीलालांचं नाव घरोघरी होतं. आडनावाचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही, म्हणणं खोटेपणाचं होईल. पण त्याआधी त्या अलाहाबादच्या नगरपालिकेत काम करून आल्या होत्या, सविनय कायदेभंगात तुरुंग भोगून आल्या होत्या. १९३९मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली तेव्हा पद सोडलं, आणि पुढे १९४० आणि १९४२मध्ये पुन्हा तुरुंगात गेल्या.

आता मेसेजमधल्या सगळ्यात मोठ्या दाव्याकडे येते: आंतरराष्ट्रीय कारकीर्द भावाने दिली. ही कारकीर्द कुठून सुरू झाली हे लिहिणाऱ्याने पाहिलेलंच नाही.

जानेवारी १९४४मध्ये त्यांचे पती रणजित पंडित गेले. मूळ कोकणातलं, राजकोटला स्थायिक झालेलं घराणं. स्वतः बॅरिस्टर, संस्कृतचे जाणकार, काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर केलेले. तुरुंगात तब्येत ढासळली आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत ते वारले. मृत्युपत्र नव्हतं. तीन मुली, मुलगा नाही. एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा आधार घेऊन सासरच्यांनी मालमत्तेवर हक्क सांगितला आणि चाळिशी ओलांडलेली ही बाई मुलींसह जवळजवळ रिकाम्या हाताने उभी राहिली. आणि भाऊ? भाऊ आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होता, ऑगस्ट १९४२पासून. मी नगरची आहे. तो किल्ला लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून ही तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे.

त्या अवस्थेत त्या अमेरिकेला गेल्या. जानेवारी १९४५मध्ये व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जच्या पॅसिफिक परिषदेत बोलल्या, मग व्याख्यानांसाठी गावोगाव फिरल्या. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघाची सनद लिहायला जग जमलं. हिंदुस्थानचं अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेलं होतं: रामस्वामी मुदलियार, फिरोजखान नून, व्ही. टी. कृष्णम्माचारी. विजयालक्ष्मींना आत जागा नव्हती. त्यांनी बाहेर सभा घेतल्या, पत्रकारांसमोर हे शिष्टमंडळ हिंदी जनतेचं नाही असं सांगितलं, आणि वसाहतींच्या स्वातंत्र्याचं निवेदन परिषदेकडे दिलं. ही परिषद सुरू झाली तेव्हाही नेहरू तुरुंगातच होते. सुटले ते १५ जूनला. मग ही कामगिरी कोणाच्या वशिल्याची?

१९४६मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेतल्या शिष्टमंडळाचं नेतृत्व मात्र अंतरिम सरकारने, म्हणजे नेहरू ज्याचे प्रमुख होते त्या सरकारने दिलं. हे मान्य. पण पुढे काय घडलं ते वाचा. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर नवा कायदा लादला होता. समोर होते तिथले पंतप्रधान जनरल स्मट्स, ज्यांचा खुद्द सनदेच्या प्रस्तावनेच्या लेखनात हात होता. त्यांचं म्हणणं, हा आमचा घरगुती प्रश्न आहे, राष्ट्रसंघाने यात पडू नये. भारत तेव्हा स्वतंत्रसुद्धा नव्हता. शिष्टमंडळात मुंबईचे छागला होते, कृष्ण मेनन होते. पण सभागृहात उभं राहून बाजू लढवायची जबाबदारी बाईंची होती. ८ डिसेंबरला मतदान झालं. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश लागत होते. ४७ मतांत ३१ पुरली नसती. बाजूचं एक मत विरोधात गेलं असतं तर ठराव पडला असता. वंशभेदाला घरगुती बाब म्हणता येणार नाही, हे आमसभेने पहिल्यांदा मानलं ते या ठरावात. वर्णभेदाविरुद्ध पुढे कित्येक दशकं राष्ट्रसंघात जे चाललं त्याची पायाभरणी इथली आहे. या एका गोष्टीसाठी तरी त्या मेसेजची मला चीड येते.

मॉस्कोचा आरोप निम्मा खरा आहे. १९४७ ते १९४९ त्या तिथे राजदूत होत्या आणि स्टॅलिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यामागून गेलेल्या राधाकृष्णनना दिली. मी त्यांची बाजू घेते आहे, पण त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात फिका काळ आहे. तेव्हाचं सोव्हिएत सरकार स्वतंत्र भारताला ब्रिटिशांचं शेपूट समजत होतं, हेही जोडीला सांगायला हवं. मॉस्कोनंतरच्या वॉशिंग्टनचं मेसेजमध्ये नावही नाही. डिसेंबर १९५०मध्ये धान्यटंचाईच्या वेळी त्यांनी अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितलं. कोरियातल्या युद्धावरून दोन देशांत बिनसलं होतं, अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, महिनोन्‌महिने वाद झाला, तरी जून १९५१मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला.

राहिलं १९५३चं आमसभेचं अध्यक्षपद. हे पद नेमणुकीचं नसतं. गुप्त मतदान असतं आणि तेव्हा सदस्य देश होते ६०. त्याच ऑगस्टमध्ये कोरियन युद्धानंतरच्या राजकीय परिषदेत भारताला साधी जागा हवी होती. अमेरिकेच्या विरोधामुळे दोन तृतीयांश मतं जमेनात, आणि भारताला माघार घ्यावी लागली. म्हणजे नेहरूंच्या शब्दावर मतं पडत नव्हती, हे जगाने नुकतंच पाहिलं होतं. आणि तीन आठवड्यांच्या आत, १५ सप्टेंबरला, थायलंडच्या राजपुत्र वान यांच्याविरुद्ध विजयालक्ष्मी ३७ विरुद्ध २२ मतांनी निवडून आल्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर दुसरी स्त्री बसली ती १९६९मध्ये, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स.

लंडनचं उच्चायुक्तपद, मग १९६२ ते १९६४ आपल्या महाराष्ट्राचं राज्यपालपद. त्यात मेसेजने वेगळं काही म्हटलेलं नाही, म्हणून मीही थांबत नाही.

‘घराण्याची री ओढली’ हे मात्र सपशेल खोटं आहे. नेहरूंच्या निधनानंतर त्या फूलपूरमधून लोकसभेत गेल्या आणि आपल्याच पक्षाच्या सरकारवर उघड टीका करू लागल्या. इंदिरा गांधींशी पटलं नाही. १९६८मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि डेहराडूनला जाऊन राहिल्या. मग आणीबाणी आली. १९७७च्या निवडणुका जाहीर झाल्यावर, वयाच्या ७६व्या वर्षी, त्या घराबाहेर पडल्या आणि सख्ख्या भाचीविरुद्ध प्रचाराला उभ्या राहिल्या. भाऊ जाऊन तेव्हा जवळपास तेरा वर्षं झाली होती.