स्टिकर बघून फर्मवेअर कळत नसतं हो

इलेक्ट्रॉनिक ड्रमवाल्यांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे मॉड्यूलच्या (पॅडवरचे फटके ओळखून आवाज काढणारा डबा) खालच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरवरून फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, कुठलं ते कळतं, जुनं असेल तर फॅक्टरी रिसेट मारा की नवं येतं, आणि एका फटक्याला दोन आवाज येत असतील तर दोष जुन्या फर्मवेअरचाच. तिन्ही गोष्टी चूक, आणि तिसरीने माझी अख्खी संध्याकाळ खाल्लीये म्हणून जरा चिडूनच लिहितोय.

आधी स्टिकर. तो फॅक्टरीत एकदा चिकटतो, नंतर कोणी दहा वेळा अपडेट केलं तरी त्याला बिचाऱ्याला काय कळणार. चालू व्हर्जन मॉड्यूलच सांगतं, सेटअप किंवा सिस्टिम मेनूत शोधलं की व्हर्जन नाहीतर इन्फो नावाचं पान सापडतं, सेकंडहँड घेताना त्या पानाचा फोटो मागा. आणि कॉम्प्युटरवर दिसणारा व्हर्जन बऱ्याचदा यूएसबी ड्रायव्हरचा असतो, त्याचा नि फर्मवेअरचा नंबर एक समजू नका.

स्क्रीनच नसेल तर मिडीतून (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) विचारता येतं, ही मला भारी आवडणारी सोय आहे. सिसेक्स, म्हणजे यंत्राशी थेट बोलायचे मिडी मेसेज, पाठवणाऱ्या कुठल्याही ॲपमधून एफ० ७ई ७एफ ०६ ०१ एफ७ एवढे सहा बाइट (हेक्स आकड्यांत) पाठवायचे, म्हणजे यंत्राला "तू कोण?" असं विचारल्यासारखं. उत्तरात कंपनीचा आकडा येतो (रोलँड असेल तर ४१, यामाहा असेल तर ४३), मग मॉडेलचे कोड, आणि शेवटच्या एफ७ च्या आधीचे चार बाइट म्हणजे सॉफ्टवेअरचं व्हर्जन. ते वाचायचे कसे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे मॅन्युअल उघडावंच लागतं, आणि काही यंत्रं उत्तरच देत नाहीत.

रिसेटचं थोडक्यात: तुम्ही बनवलेली किट (आवाजांचे संच) आणि सेटिंग्ज जातात, फर्मवेअर होतं तेच राहतं. बॅकअप न घेता मारलात तर फक्त नुकसान.

आता डबल ट्रिगर. साध्या पॅडमध्ये थरथर ओळखणारा पिएझो सेन्सर असतो, फर्मवेअर-बिर्मवेअर काही नाही. फटक्यानंतर पॅडची जाळी थरथरत राहते आणि मॉड्यूल त्या थरथरीलाच दुसरा फटका समजतं. माझ्या स्नेअर ड्रमच्या पॅडला हेच होत होतं, मी मात्र अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर टाकत बसलो, ती आधी फोल्डरमध्ये ठेवली म्हणून मॉड्यूलला दिसेचना, मग बाहेर काढून टाकली, अपडेट झालं, व्हर्जनच्या पानावर नवा नंबरही आला, काठी मारली तर टक-टक, तसंच! शेवटी त्या पॅडचा मास्क टाइम (एका फटक्यानंतर मॉड्यूल जेवढा वेळ पुढचा फटका मोजत नाही तो) जरासा वाढवला आणि दुसरा टक गेला. फार वाढवू नका, नाहीतर फास्ट रोलमधले खरे फटकेही गिळले जातात. टॉम मारला की शेजारची सिम्बल वाजत असेल तर तो क्रॉसटॉक, त्याची सेटिंग वेगळी.

अपडेट कधीच नको असं नाही म्हणत. रोलँडच्या टीडी-२७ मॉड्यूलला व्हीएच-१४डी हा डिजिटल हाय-हॅट लावायचा तर व्हर्जन २ हवंच, तिथे इन्फोचं पान आधी बघा आणि मग खरेदी करा. पण टक-टकसाठी पेनड्राइव्ह शोधण्याआधी ट्रिगर सेटिंगमध्ये पाच मिनिटं घालवा.