‘दुप्पट वॉटचा अँप्लिफायर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला राग पुतण्याच्या काळजीपोटी आलेला आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून ती बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही. मागच्या लेखात मी असे लिहिले होते की, १२ बाय १० फुटांच्या खोलीत गाणे ऐकणाऱ्याला ४० वॉटचा अँप्लिफायर आणि पाठीवर १०० वॉट छापलेले, ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एक वॉट दिला की एका मीटरवर ८६ डेसिबल आवाज देणारे) स्पीकर ही जोडी पुरते. त्यावर आपले म्हणणे असे : आपण २२ वर्षे मंडप आणि साउंडच्या व्यवसायात आहात, स्पीकरच्या दुप्पट वॉटचा अँप्लिफायर घ्यावा हा नियम आपल्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतो, लहान अँप्लिफायर मोठ्या स्पीकरला लावला की स्पीकर जळतो, ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) स्पीकर घेतला की त्याच अँप्लिफायरमधून दुप्पट ताकद निघते हे मी सांगितलेच नाही, तारेचा विषय मी उडवून लावला, आणि एवढे करून कागदावरच्या आकड्यांनी तानपुऱ्याचा गोडवा कळत नाही. शेवटी आपण विचारले आहे की, माझा लेख वाचून कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या फ्लॅटसाठी तीच जोडी घेऊन बसलेल्या पुतण्याने आता काय करायचे.

आधी माझी चूक मान्य करतो. ‘४० वॉटचा अँप्लिफायर १०० वॉटच्या स्पीकरला कधीच इजा करू शकत नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर रेटला की लहरींचे शेंडे छाटले जातात, म्हणजे क्लिपिंग होते. छाटले जातात ते मुख्यतः खर्जाचे मोठे शेंडे. व्हॉल्यूमचे बटण आणखी फिरवले तर खर्ज आहे तिथेच राहतो, पण तीव्र स्वर वाढतच जातात, शिवाय छाटलेल्या लहरीतून मुळात नसलेले नवे तीव्र स्वर जन्माला येतात. ४० वॉटचा म्हणून विकलेला अँप्लिफायर पूर्ण क्लिपिंगमध्ये ८० वॉटपर्यंतही जाऊ शकतो. स्पीकरच्या पाठीवरचे १०० वॉट हे अख्ख्या पेटीचे असतात. त्यातल्या ट्विटरच्या, म्हणजे तीव्र स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाट्याला, संगीतात तीव्र स्वरांची ऊर्जा मुळातच कमी असते या भरवशावर, थोडेच वॉट धरलेले असतात आणि त्याची कॉइल अगदी बारीक तारेची असते. ती जळते. मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे.

मात्र यावरून २०० वॉटचा अँप्लिफायर घ्यावा, असे निघत नाही. आपला नियम खोटा नाही, पण तो ज्या जागेसाठी तयार झाला ती जागा वेगळी आहे. मिरवणुकीत दोन टॉप आणि दोन बेस सहा-सहा तास जवळजवळ त्यांच्या मर्यादेवर वाजत असतात, भोवती भिंती नसतात, माणसे तीस-चाळीस फुटांवर असतात आणि मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तिथे शेंडे न छाटता पुढे जावेत म्हणून अँप्लिफायरला वर जागा लागते, आणि स्पीकर वाचवायला आपण लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारे यंत्र) लावलेला असतो. घरात लिमिटर नसतो. बटणावर घरच्या माणसांचा हात असतो. (जाता जाता : आपल्या कोल्हापुरात त्या भिंतीएवढ्या साउंडला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली काढलेल्या कंपनीचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे होते. नावाची अशी उलटी परवड क्वचितच झाली असेल.)

प्रश्न मग एवढाच उरतो की, घरात प्रत्यक्ष किती वॉट लागतात. हे तर्काने सांगण्यापेक्षा मी मोजून पाहिले. माझे घर मंगळवार पेठेतले जुने आहे आणि ऐकण्याच्या खोलीत स्पीकरपासून माझी खुर्ची आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २.४ मीटरवर असते. गेल्या रविवारी मी माझ्याकडचे सर्वांत दणदणीत रेकॉर्डिंग लावले, आतल्या खोलीतून ‘कमी करा’ अशी हाक येईपर्यंत आवाज वाढवला आणि बटण जिथे होते तिथे खडूने खूण केली. ती खूण हीच आमच्या घराची कमाल मर्यादा. मग गाणे बंद करून, ऑडासिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा एक सलग स्वर ०.२५ अँप्लिट्यूडने, म्हणजे कमाल उंचीच्या एक चतुर्थांशाने, तयार केला, स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि बटण खुणेवर ठेवून अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. १०० हर्ट्झ घेण्याचे कारण असे की, स्वस्तातले मीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि फार तीव्र स्वर दिला की खोटे बोलतात. (हा प्रयोग ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवरच करावा, व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर स्पीकर न जोडता वाजवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

मीटरने २.१ व्होल्ट दाखवले. रेकॉर्डिंगमधला मोठ्यात मोठा स्वर या स्वराच्या चौपट असू शकतो, म्हणून २.१ गुणिले ४, म्हणजे ८.४ व्होल्ट. ८.४ चा वर्ग करून ८ ओहमने भागले की ८.८ वॉट येतात. ही सरासरी नव्हे, हा शेंडा. बहुतेक गाणी इतक्या वर जातच नाहीत, त्यामुळे या हिशेबात चूक झालीच तर ती गरज जास्त दाखवण्याच्या बाजूला होते. माझा ४० वॉटचा अँप्लिफायर ८ ओहमवर जवळजवळ १८ व्होल्ट देतो, म्हणजे घरच्यांची हाक आल्यानंतरही साडेसहा डेसिबलची जागा शिल्लक आहे. ताळा घ्यायचा तर असा : ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८.८ वॉट दिले की एका मीटरवर सुमारे ९५ डेसिबल होतात, २.४ मीटरवर त्यातले साडेसात उतरतात, दोन स्पीकर म्हणून ३ चढतात. खुर्चीवर शेंडे ९१ च्या आसपास येतात, आणि खोलीच्या भिंती त्यात थोडी भरच घालतात.

आता ४० च्या जागी २०० वॉट घेतले तर काय मिळते ते पाहू. पाचपट ताकदीने ७ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पाचपट वॉटला पैसे मोजूनही आवाज दुप्पट होत नाही. उलट ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर निवडला तर अँप्लिफायर न बदलता त्याची ताकद दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो. म्हणून दुकानात गेल्यावर वॉट शेवटी विचारावेत, असे मी म्हणतो. पीएमपीओचा (‘पीक म्युझिक पॉवर’चा) आकडा तर विचारूच नये. तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही.

ओहमच्या मुद्द्याकडे वळतो, कारण इथे आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. ८ ओहमवर चालणाऱ्या अँप्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर लावला तर ताकद दुप्पट होते, पण केव्हा? त्याचा पॉवर सप्लाय तेवढा करंट देऊ शकत असेल तेव्हा. आपल्याकडे स्थानिक कारागिरांनी जुळवलेल्या अँप्लिफायरमध्ये २४-०-२४ चा (मध्याच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर नेहमी दिसतो. त्यातून शेंड्याला २८ व्होल्ट मिळतात असे धरले, तर ८ ओहमला साडेतीन अँपिअर लागतात आणि ४ ओहमला सात, तेही एका बाजूला. ट्रान्सफॉर्मर ५ अँपिअरचा असेल तर भर येताच व्होल्टेज खाली बसते, ताकद दुप्पट होत नाही आणि हीट सिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याची) उष्णता मात्र वाढते.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत आरती सोप्यातही ऐकू जावी म्हणून मी ८ ओहमच्या स्पीकरांच्याच टर्मिनलवर जुनी ६ ओहमची जोडी समांतर जोडली. ६ आणि ८ समांतर म्हणजे ३.४ ओहम, हा हिशेब मला येत होता, केला नाही इतकेच. एसटीके आयसीचा (तयार मिळणाऱ्या चिपवर जुळवलेला) तो अँप्लिफायर दुसऱ्या आरतीपर्यंत टिकला. आधी तापलेल्या धुळीचा वास आला, मग एका बाजूने घरघर सुरू झाली, आणि मी प्लग काढेपर्यंत हीट सिंकला बोट टेकवत नव्हते. दोष अँप्लिफायर बनवणाऱ्याचा नव्हता, त्याने मागच्या बाजूला ‘८ ओहम’ असे स्वच्छ लिहिले होते.

शिवाय पाठीवरचा ओहमचा आकडा हा ढोबळ असतो. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे हा रोध, स्वरागणिक बदलतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली उतरू नये. सगळे उत्पादक हे पाळतात असे नाही, म्हणून माहितीपत्रकात किमान इम्पिडन्स दिला आहे का ते पाहावे. आणखी एक खोच : सेन्सिटिव्हिटी हल्ली २.८३ व्होल्टवर मोजून छापतात. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमवर तेच २ वॉट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर ८९ छापले असेल तर एका वॉटचा खरा आकडा ८६ धरावा.

तारेबद्दल थोडक्यात. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम असतो. चार मीटर लांबीला जाऊन-येऊन ०.१ ओहमही होत नाही. घरातल्या अंतराला ती पुरते. झिरमिळीएवढ्या बारीक, फुकट मिळणाऱ्या तारा मात्र फेकून द्याव्यात, आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत.

गोडव्याबद्दलचे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावात कोणी तानपुऱ्याचा गोडवा आकड्यांपुढे क्षुल्लक ठरवला तर त्याला देवल क्लब या संगीतसंस्थेच्या पायरीवरही उभे करू नये. मीही ठरवत नाही. एकच स्पीकर दोन अँप्लिफायरवर वेगळा लागतो हा आपला अनुभव खरा असू शकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्यामागे पुष्कळदा मोजता येईल असे कारण असते. व्हॉल्व्हच्या एखाद्या अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम आहे आणि स्पीकरचा इम्पिडन्स काही स्वरांना ६ तर काही स्वरांना ३० ओहम आहे, असे समजा. ६ ओहमच्या जागी स्पीकरला तीन चतुर्थांश व्होल्टेज मिळते आणि ३० च्या जागी जवळजवळ ९४ टक्के. हा फरक सुमारे २ डेसिबलचा झाला, आणि तो कानाला सहज कळतो : काही स्वर पुढे येतात, काही मागे सरतात. चांगल्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स ०.०५ ओहमच्या घरात असतो, तिथे हाच फरक डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो. म्हणजे व्हॉल्व्हवर जो गोडवा भेटला तो त्या स्पीकरच्या सोबतीचा असतो. स्पीकर बदलला की तोच अँप्लिफायर कर्कशही लागू शकतो. असा अँप्लिफायर घ्यायचा तर तो आपल्याच स्पीकरवर ऐकल्याशिवाय घेऊ नये.

त्याहूनही मोठा फरक खोलीमुळे पडतो, आणि पुतण्याच्या बाबतीत मला शंका तिथेच आहे. आपण लिहिले आहे की, त्याच्याकडे ‘बेस घुमतो पण शब्द कळत नाहीत’. हे ताकद कमी असल्याचे लक्षण नव्हे. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आणि १० फूट रुंदीत ५७ च्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि स्पीकर कोपऱ्यात ठेवले असतील तर तो सर्वांत जास्त फुगतो. त्यावर २०० वॉट लावले तर घुमणेच वाढेल. त्याने आधी दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या आणि बाजूच्या भिंतींपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही पुढे ओढावी. मग खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर पत्र्यासारखी झणझण ऐकू आली, तर ती समोरासमोरच्या उघड्या भिंतींची आहे. एका भिंतीवर जाड घोंगडी लावली आणि फरशीवर सतरंजी अंथरली की ती बरीच बसते. माझ्या खोलीत दोन वर्षे घोंगडीच आहे. तिने खर्ज आवरत नाही, पण शब्द मोकळे होतात.

एवढे करून त्याने खडूची खूण आणि मल्टिमीटरचा प्रयोग करावा, मीटर तर आपल्या गोडाऊनमध्ये असेलच. मीटरवर ४.४ व्होल्टपेक्षा (जवळजवळ १८ व्होल्टच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा) कमी आकडा आला तर त्याचा अँप्लिफायर क्लिपिंगच्या अलीकडे आहे आणि ट्विटरला भीती नाही. त्याहून जास्त आला, तर त्याला खरोखरच मोठा अँप्लिफायर किंवा अधिक सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर हवे आहेत, आणि माझा सल्ला त्याच्यापुरता चुकला असे मी लेखाखालीच लिहीन. आकडा कोणताही येवो, इथे कळवावा. सोबत खोलीची मापे आणि बसण्याचे अंतरही लिहावे, म्हणजे हिशेब मांडता येईल.