क्वालिटीचे काका

ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, आधी तपासणी होते. त्या तपासणीत माझी गाडी पास झाली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शनिवारी नंतर जे झालं त्यात एवढीच गोष्ट सगळे विसरले. इन्स्पेक्टरने बॅटरी हलवून पाहिली, हलली नाही. चाकांच्या नटांना टॉर्क रेंच, म्हणजे नट किती घट्ट ते मोजणारा पाना, लावला, एकही सैल निघाला नाही. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागले. हेल्मेटमधलं ‘स्नेल 2020’ या सुरक्षा-मानकाचं लेबल वाचून झालं. ‘पास’च्या स्टिकरचा मागचा कागद त्याने अर्धा सोललासुद्धा होता. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, ‘वन मिनिट, प्लीज.’

गाडी म्हणजे 1966ची फोर्ड मस्टँग. मी म्हणजे डेट्रॉइटच्या एका उपनगरात दिवसभर स्प्रेडशीट भरणारा आणि रात्री व्हिडिओ बघून पाना धरायला शिकलेला माणूस. गाडीत मुळात 200 क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, 120 हॉर्सपॉवरचं. अशा मस्टँगला इथली जुनी मंडळी ‘सेक्रेटरीची गाडी’ म्हणून हिणवतात. म्हणून एका ठोकलेल्या गाडीतलं 302 क्युबिक इंचांचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणून बसवलं. सहा सिलिंडरवाल्या मस्टँगची चाकं चार बोल्टांवर असतात, व्ही-एटवाल्यांची पाचांवर. म्हणजे पुढचे हब बदला, मागचा अ‍ॅक्सल बदला. पुढचे ड्रम ब्रेक ट्रॅकवर तापून हातपाय गाळतात, म्हणून डिस्क बसवले. एवढं करून पेट्रोल पंपावर कुणीतरी भेटतोच, जो सांगतो की मस्टँग ही मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, नव्हेच, ती पोनी कार, म्हणजे छोटी, ऐटबाज गाडी. खरी मसल कार म्हणजे 1964ची पॉंटिअ‍ॅक जीटीओ. मी ‘हो’ म्हणून टाकतो. टाकी भरेपर्यंत ऐकायचं, दुसरं काय.

‘वन मिनिट’वाले काका म्हणजे माझ्या रूममेटचे वडील. सहा महिन्यांसाठी आलेले. रूममेट म्हणाला, ‘घरात बसून कंटाळतात रे, ने ना बरोबर.’ काका पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेत. क्वालिटीतून. हे ‘क्वालिटीतून’ मला आदल्या रात्री कुणी सांगायला हवं होतं. सकाळी ते घडीची खुर्ची, फॉइलमध्ये थालीपिठं आणि शर्टाच्या खिशात छोटा टॉर्च घेऊन तयार होते. ट्रॅकवर भरदिवसा टॉर्च कशाला, हे मी विचारलं नाही.

वाटेत पहिला प्रश्न अपेक्षित होता.

‘अ‍ॅव्हरेज काय देते?’

‘पंधरा. गॅलनला मैल.’

काकांनी खिडकीबाहेर बघत हिशेब केला. ‘म्हणजे लिटरला साडेसहासुद्धा नाही.’ मग जरा वेळाने, ‘आणि डिकीत तो पत्रा कसला?’

मी अभिमानाने सांगितलं की या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. काका पुढचे कित्येक मैल गप्प बसले. ट्रॅकवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी थालीपिठांची पिशवी डिकीतून काढून आपल्या मांडीवर घेतली.

तर, ‘वन मिनिट, प्लीज.’ इन्स्पेक्टर थांबला. काका मला म्हणाले, ‘स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरव. पूर्ण म्हणजे पूर्ण.’ मग ते गुडघा धरून, ‘अगं आई गं’ करत डांबरावर आडवे झाले आणि टॉर्च लावला. सत्तरीचा भारतीय गृहस्थ आपल्यासमोर अचानक जमिनीवर झोपतो तेव्हा काय करायचं, हे इन्स्पेक्टरच्या नियमावलीत नसावं. तोही शेजारी आडवा झाला.

‘सी? रबर. टायर. टचिंग.’

पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप, चाक पूर्ण वळवलं की, टायरला जेमतेम टेकत होता. जेमतेम. त्यावर घासल्याची एक चकचकीत खूण होती, ती काकांनी नखाने दाखवली.

मी म्हणालो, ‘अहो काका, ट्रॅकवर एवढं स्टिअरिंग कोण फिरवतं? एवढं फक्त पार्किंगमध्ये फिरतं.’

‘मग ट्रॅकवर काय हेलिकॉप्टरने उतरणार आहेस? पार्किंगमधूनच जाणार ना?’

हे त्यांनी इन्स्पेक्टरला इंग्रजीतही करून सांगितलं. तो इतका हसला की त्याची टोपी पडली. मग ‘सर, आपण कुठे काम करत होता?’ आणि मग संपलंच. काकांनी उठून कपडे झटकले आणि एक अख्खी बॅच परत पाठवली तेव्हा खुद्द जनरल मॅनेजर शॉपफ्लोअरवर कसे उतरले होते, ते सांगायला घेतलं. जनरल मॅनेजरच्या जागी माझ्या गाडीचं बॉनेट होतं. ‘मी म्हटलं, साहेब, सही तुम्ही करा. मी करणार नाही.’ आणि बॉनेटवर थाप. बोलता बोलता त्यांनी बॉनेट उघडून घेतलं. ‘अ‍ॅक्सिलरेटर मागे ओढायला एकच स्प्रिंग? इट ब्रेक्स, देन?’ इन्स्पेक्टरने तेही लिहून घेतलं. नियमात नव्हतं, सूचना म्हणून. मागे रांग लागली होती. त्यातला मियाटावाला, म्हणजे माझ्दाच्या त्या छोट्या दोन सीटच्या गाडीवाला, खाली उतरून आला. मला वाटलं, आता वैतागेल. तो म्हणाला, ‘सर, माझीही बघाल का?’

रागाची गोष्ट वेगळीच आहे. पाइप घासत होता, मान्य. पण मला बाजूला घेऊन मराठीत सांगता आलं असतं ना! तिथे मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो, यापेक्षा गुप्त भाषा कुठे मिळणार? अनोळखी अमेरिकन माणूस गाडी बघून ‘सुंदर आहे’ म्हणतो आणि निघून जातो. आपला माणूस मात्र वाकून खाली बघतो. बारशाला बाळाचं नाक बघतात, घरभरणीला भिंतीची ओल. आणि त्यांना वाटतं, ही माया आहे.

सकाळची नवशिक्यांची मीटिंग आणि पहिलं सेशन मी गाडीखाली झोपून काढलं, पाइपचं ब्रॅकेट फिरवत. फी परत मिळत नाही, हे फॉर्मवर ठळक छापलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत ट्रॅकवर सावकाश फेऱ्या मारू देतात, शेजारी पाहुणा बसलेला चालतो. काकांना 1969च्या शेवरले कॅमारोवाल्याने बोलावून नेलं. उसनं हेल्मेट घालून ते माझ्यासमोरून गेले तेव्हा माझे फक्त पाय गाडीबाहेर होते. परत आल्यावर म्हणाले, ‘त्याचे ब्रेक चांगले आहेत.’

दुपारी एकदाचा मी ट्रॅकवर उतरलो, शेजारी इन्स्ट्रक्टर. दुसऱ्याच वळणानंतर त्याने मला खिडकीबाहेर हात काढून मागच्याला पुढे जाऊ द्यायला सांगितलं. मागचा म्हणजे मियाटावाला. काकांनी तपासलेला.

काल इन्स्पेक्टरचा मेसेज आला. पुढचा ट्रॅक डे सप्टेंबरमध्ये आहे. तपासणीला माणसं कमी पडतात, तर तुझे अंकल सकाळी सहाला येतील का? मी कळवलं, त्यांची तब्येत बरी नसते. रात्री समजलं, काकांचा नंबर त्याच्याकडे आधीच होता. त्यांनी होकार कळवलाय, आणि तिथे जायला माझी गाडी आहेच, असंही.