गराजमधलं स्टूल

टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या घरात स्वयंपाकघरातून गराजमध्ये उघडणारं एक दार आहे. दारापलीकडे बर्फ उपसायचं फावडं आणि तांदळाची गोणी यांच्यामध्ये एक लाकडी स्टूल ठेवलेलं आहे. एप्रिलच्या मध्यापासून टोरंटोचा शेवटचा संघ बाहेर पडेपर्यंत संध्याकाळचा माझा मुक्काम त्या स्टुलावर असतो. घराचा हप्ता मी भरतो. टीव्हीचं बिलही मीच भरतो. पण मी पनवती आहे हे घरात दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झालेलं आहे. तो एक म्हणजे मी.

आरोपपत्र माझ्या मुलाने तयार केलंय आणि दुर्दैवाने त्यातल्या तारखा बरोबर आहेत. टोरंटो मेपल लीफ्स या हॉकी संघाने एप्रिल २००४ मध्ये प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांपैकी, एक फेरी जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापूरहून चार बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन टोरंटोच्या विमानतळावर उतरलो. त्यानंतर लीफ्सना प्लेऑफची पुढची फेरी जिंकायला १९ वर्षं लागली. त्यातली पहिली काही वर्षं तर ते प्लेऑफमध्येच नव्हते. "बाबा, तुम्ही इमिग्रेशनच्या फॉर्मवर हे लिहायला हवं होतं," असं मुलगा गंभीरपणे म्हणतो.

ज्यांना या रोगाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. इकडे बर्फावरच्या हॉकीचे आणि बास्केटबॉलचे प्लेऑफ एकाच मोसमात येतात, एप्रिल ते जून. दोन्हीकडे सोळा-सोळा संघ, एकेका जोडीत सातपैकी चार सामने जिंकायचे, अशा चार फेऱ्या. म्हणजे चषकासाठी सोळा विजय लागतात. आमच्याकडे गणपतीसुद्धा दहा दिवसांत जातो. हे दोन महिने बसतात. त्यात टोरंटोचे दोन्ही संघ एकाच स्टेडियममध्ये खेळतात. खाली हॉकीचा बर्फ तसाच असतो, त्यावर लाकडी फळ्या जोडून बास्केटबॉलचं मैदान अंथरतात. एका घरात दोन सुना. वरच्या फळ्यांवरची सून, म्हणजे रॅप्टर्स, १९९५ साली घरात आली आणि २०१९ मध्ये चषक घेऊन आली. खालच्या बर्फावरच्या थोरलीकडून १९६७ नंतर काही नाही. तरी घरात मान थोरलीलाच!

मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर मोठा झालेला माणूस. पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल सामने बघताना शेजारच्या गल्लीतल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार कसा करायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण तिथे बॉल दिसतो. इथे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची काळी चकती असते. ती उड्या मारू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. इतकी वर्षं झाली, मला ती चकती अजून नीट दिसलेली नाही. गोल झाला हे मला मुलाच्या ओरडण्यावरून कळतं. त्यामुळे गराजमध्ये बसून माझं फारसं नुकसान होतं असंही नाही. दारातून येणाऱ्या आवाजावर माझा सामना चालतो. आरोळी आली तर आपला गोल. "ओऽह" आलं तर चकती खांबाला लागली. काहीच आलं नाही तर त्यांचा.

हे स्टूल आलं १३ मे २०१३ नंतर. लीफ्स विरुद्ध बॉस्टन, सातवा सामना. सामना बॉस्टनला आणि माझा मेहुणाही बॉस्टनलाच. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथेच नोकरीला. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, निळी जर्सी घालून सोफ्यावर उकिडवा बसलेला. शेवटच्या पीरिअडमध्ये लीफ्स ४-१ ने पुढे. मी घड्याळाकडे पाहिलं आणि बापाने म्हणावं तेच म्हणालो, "संपलं की आता. जिंकलेच. उठ, उद्या शाळा आहे."

आता हॉकीत तीन गोलांची आघाडी म्हणजे काय, हे मला कसं ठाऊक असणार? बॉस्टनने एक गोल केला. मग शेवटच्या दीड मिनिटात, एकतीस सेकंदांच्या अंतराने, आणखी दोन. ४-४. जादा वेळेत पाचवा. मुलगा टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्या नजरेची आठवण झाली की अजून मला घास लागतो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून मेहुणा, एकच वाक्य, "दाजी, नाद नाय करायचा."

या मेहुण्याचं काय करावं ते मला कळत नाही. कोल्हापुरात असताना त्याला शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळताना मी कधी पाहिला नाही. बॉस्टनला गेला आणि वर्षभरात 'आम्ही' आणि 'आमचं' सुरू झालं. बास्केटबॉलमध्ये 'आमचे' सेल्टिक्स, हॉकीत 'आमचे' ब्रुइन्स. मुलगा एकदा त्याला म्हणाला, "मामा, बास्केटबॉल हा खेळच मुळात एका कॅनेडियन माणसाने शोधलाय. नेस्मिथ. आमचा, ऑन्टॅरिओचा." मामा शांतपणे म्हणाला, "शोधला कुठे?" मुलगा गप्प. कारण नेस्मिथसाहेबांनी १८९१ साली पीचच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या त्या स्प्रिंगफील्डला, म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्येच. "माणूस तुमचा असेल रे, पण इथे आल्यावरच त्याला काहीतरी सुचलं." आणि शेवटी ठेवणीतला ठोसा, तो मात्र मला: "दाजी, तुमच्या लीफ्सनी शेवटचा चषक उचलला तेव्हा कोयनेचा भूकंपसुद्धा झाला नव्हता." मी हिशोब करून पाहिला. चषक मे १९६७, भूकंप डिसेंबर १९६७. कमबख्त बरोबर बोलत होता.

बायको या प्रकरणात तटस्थ आहे असं ती म्हणते. तिला दोन्ही खेळांतलं काही कळत नाही, पण बॉस्टन जिंकलं की भाऊ खुशीत फोन करतो आणि लीफ्स जिंकले की करत नाही, एवढं कळतं. त्यामुळे बॉस्टनच्या सामन्याच्या दिवशी देवापुढचा दिवा जरा लवकर लागतो. मी काही बोलत नाही. माहेर सोडून माणसाने जावं कुठे?

२०१९ मात्र आमचं होतं. एप्रिलमध्ये लीफ्स पुन्हा बॉस्टनशी पुन्हा सातव्या सामन्यात हरले आणि मेहुण्याचा नेहमीचा फोन आला, इथवर सगळं परंपरेप्रमाणे. पण रॅप्टर्स जिंकत सुटले. १२ मेला फिलाडेल्फियाशी सातवा सामना, ९०-९० बरोबरी आणि काही सेकंद शिल्लक. मी नेमाप्रमाणे गराजमध्ये, कचऱ्याच्या निळ्या डब्यात पुठ्ठे दुमडून भरत होतो. आतून समालोचकाचा आवाज चढला आणि एकदम थांबला. घरात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी मनात म्हटलं, गेलं. नंतर कळलं की त्या वेळात रॅप्टर्सच्या कावाय लेनर्डने कोपऱ्यातून फेकलेला बॉल कड्यावर एक, दोन, तीन, चार टप्पे घेत बसला होता. पाचव्यांदा टप्पा न घेता तो आत गेला आणि माझा मुलगा दार उघडून गराजमध्ये आला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "बाबा, हलू नका. पुढचा महिनाभर इथेच बसा."

बसलो. महिनाभर जेवणाचं ताट मला गराजमध्ये आलं. १२ जूनला बॉस्टनचे ब्रुइन्स हॉकीच्या अंतिम फेरीचा सातवा सामना स्वतःच्या घरात सेंट लुईसकडून हरले आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, रॅप्टर्सनी गोल्डन स्टेटला हरवून चषक घेतला. दोन दिवसांत एवढं सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं. मुलाने मामाला रॅप्टरची, म्हणजे डायनोसॉरची, चित्रं पाठवायला सुरुवात केली ती रात्री दोनपर्यंत. मामाचा फोन चार दिवस बंद. पाचव्या दिवशी बायकोने जाहीर केलं, "आणखी एक डायनोसॉर गेला तर भाऊबीजेला तुमच्या बहिणीकडे फोन लावून देणार नाही."

जुलैमध्ये कावाय लॉस एंजेलिसच्या संघात निघून गेला. एकच मोसम राहिला. धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा आला, पाटावर बसला, अनारसे खाल्ले, चांदीचं ताट घेतलं आणि गेला. मेहुण्याचा फोन त्याच दिवशी सुरू झाला.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा २०२३ चा. आईची तब्येत बघायला म्हणून मी एप्रिलअखेर कोल्हापुरात होतो. रविवारी सकाळी मिसळीच्या पहिल्या घासाला फोन आला. टोरंटोत शनिवारची रात्र. लीफ्सनी टँपाला जादा वेळेत हरवून १९ वर्षांनी पहिल्यांदा फेरी जिंकली होती. मुलगा रडत होता, आनंदाने. मीही कट वाढून घेतला. मग तो म्हणाला, "बाबा, परतीचं तिकीट बदलता येतं का?" मला वाटलं, आठवण येतेय, लवकर ये म्हणतोय. "आहे त्या तिकिटावरच येतो रे." "नाही, म्हणजे... जूनपर्यंत पुढे ढकलता येतं का?"

तिकीट बदलायला जी रक्कम सांगितली त्यात नवा टीव्ही आला असता. मी ठरल्या दिवशी परतलो. पुढच्या फेरीत फ्लोरिडाने लीफ्सना चार सामन्यांना एक असं गुंडाळलं. घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

२०२४ ला पुन्हा बॉस्टन, पुन्हा सातवा सामना, पुन्हा जादा वेळ. जादा वेळेतला नियम फार क्रूर आहे, पहिला गोल होईल तिथे सामना संपला. मी स्टुलावर. दीड-पावणेदोन मिनिटं झाली असतील. मला तहान लागली. पाण्याची बाटली आत ओट्यावर होती. मी दार उघडलं, हळूच, चोरासारखं. बॉस्टनच्या पास्टरनाकने एक मिनिट चोपन्नाव्या सेकंदाला गोल केला. मुलगा मान न वळवता म्हणाला, "दार वाजलं का?"

त्या वर्षी जूनमध्ये सेल्टिक्सनी अठरावा चषक जिंकला. मेहुण्याने अठरा पेढे मांडलेल्या ताटाचा फोटो पाठवला.

मग आलं २०२५. ब्रुइन्स प्लेऑफमध्येच नव्हते, सेल्टिक्स शुक्रवारी न्यूयॉर्ककडून ११९-८१ असे हरून बाहेर पडले. रविवारी, १८ मेला, लीफ्सचा फ्लोरिडाशी सातवा सामना, आपल्या घरच्या बर्फावर. मुलाची प्लेऑफची दाढी छातीकडे निघाली होती. हा हॉकीतला रिवाज आहे, संघ खेळत असेपर्यंत वस्तरा लावायचा नाही. व्हिडिओ कॉलवर आईने घाबरून विचारलं होतं, "दाढी का वाढवलीय बाळा? कुणाचं सुतक आहे का?" तो म्हणाला, "अजून नाही, आजी."

या वेळी मी स्वतःच तोडगा काढला. गराज धोक्याचं, दाराला कडी असली तरी मला हात आहेत. मी आणि बायको मंडळाच्या नाटकाला गेलो, गाडीने चाळीस मिनिटं लांब. वर रंगमंचावर सासरा जावयावर ओरडत होता आणि खाली प्रत्येक पुरुषाच्या मांडीवर निळा उजेड. मी फोन पर्समध्ये टाकून पर्स बायकोकडे दिली. नाटक संपलं, चहा झाला, घरी आलो तर मुलगा अंधारात बसलेला. ६-१. हरले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या खाली कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. मी घरात नव्हतो, गराजमध्ये नव्हतो, गावातसुद्धा नव्हतो. बारा वर्षांच्या खटल्यातून निर्दोष सुटणार होतो. एवढ्यात मेहुण्याचा फोन आला. तोही शुक्रवारपासून खचलेलाच, आवाजात जोर नव्हता. "दाजी, तुम्ही होता कुठं?"

"नाटकाला. विचार ताईला. मी काही केलेलं नाही."

मुलगा सोफ्यावरून बघत होता. "फोन बघितला नाही?"

"पर्समध्ये होता."

"अजिबात नाही?"

"मध्यंतरात एकदा," बायको म्हणाली. "माझ्याकडून मागून घेतला की."

"शून्य-शून्य होतं तेव्हा," मी म्हणालो. "पहिला पीरिअड झाला होता. मी तर उलट बायकोला म्हटलं, की—"

"काय म्हणालात?"

दुसऱ्या पीरिअडमध्ये फ्लोरिडाने ओळीने तीन गोल केले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"म्हटलं, आज जिंकतील असं दिसतंय."

फोनमधून मेहुण्याचा सुस्कारा ऐकू आला. मुलगा उठला, कपाटातून वस्तरा काढला आणि न्हाणीघराकडे जाता जाता त्याने गराजचं दार माझ्यासाठी उघडून धरलं.